शेवटचं धड कधी दिसलं

वहीत चौदा रकाने आहेत.
सगळ्यात जास्त खाडाखोड अकराव्यात:
लेकरू शेवटचं धड कधी दिसलं?

घड्याळ कुणी सांगत नाही.
"टँकर आलं तवा चांगली खेळत होती की."
"शाळेतून आला, दप्तर ह्याच हातानं फेकलं."
"धारूरची पहिली गाडी गेली तवा."
मग मी डेपोत फोन लावते,
आज पहिली गाडी किती वाजता सुटली?
तिकडचा माणूस आता आवाज ओळखतो.
म्हणतो, मॅडम, आज कुणाचं लेकरू?

अंबाजोगाईत, बालरुग्ण वॉर्डाच्या टोकाला
आमची एक खोली. बाहेर पाटी नाही.
पाटीवर काय लिहावं तेच ठरत नाही.
लहान मुलांचा पक्षाघात म्हटलं
की लोक हसतात, नाहीतर चिडतात.
"लकवा म्हाताऱ्यांना मारतो, मॅडम.
हिला अजून सगळे दात न्हाईत आले."
गावात तोवर कुणी बिब्बा ओवाळलेला असतो,
कुणी कबुतराचं रक्त चोळलेलं.
मी रागवत नाही.
रागवून उपयोग होता ते पाच तास
रस्त्यातच गेलेले असतात.

दुर्वा जोगदंड, चौदा महिने.
बाजेवरून पडली, गुडघाभर उंचीवरून.
रडली, गप झाली, दूध प्याली,
आणि उजव्या हातातलं बिस्कीट सुटलं.
उचलायला हात गेलाच नाही.
फिल्मवर, मेंदूच्या अगदी आत,
खसखस सांडावी तसे पांढरे ठिपके.
असे ठिपके मला एकोणीस लेकरांत सापडलेत.
ही खसखस का सांडते, कुणाच्याच डोक्यात का,
माहीत नाही. लिहून ठेवते.
पुण्याच्या परिषदेत एकजण उठून म्हणाले,
"आकडा फार लहान आहे."
आहेच लहान, म्हणाले मी.
खरं उत्तर जेवणाच्या रांगेत सुचलं,
तोवर ते आइस्क्रीमपाशी पोचले होते.

वहीतली पहिली ओळ मी कुणाला दाखवत नाही.
समीउल्ला, सात वर्षं, केज तालुका.
तेव्हा वहीच नव्हती. मी निवासी डॉक्टर,
सलग ड्यूटीचा तिसावा की एकतिसावा तास.
तोंड जरासं वाकडं, बोलणं जड.
"तापानंतरचा अशक्तपणा" असं लिहिलं,
ओआरएसच्या चार पुड्या दिल्या, घरी पाठवलं.
तिसऱ्या दिवशी अब्बांनी खांद्यावर टाकून आणला.
अकरावा रकाना तिथं कोरा आहे.
मी विचारलंच नव्हतं.
समीउल्ला आता वीस वर्षांचा,
बसस्टँडसमोर मोबाईलच्या दुकानात
एका हातानं स्क्रीन बसवतो.
माझ्या फोनची काच त्यानंच बदलली.
पैसे पुरते घेतले. त्याला मी आठवत नाही.

तहेसीन, आमची फिजिओ,
जुन्या परकराच्या पिशव्या शिवते
आणि लेकराच्या चांगल्या हातावर बांधते.
आया भांडतात. "धड हात कामून बांधता?"
तहेसीन म्हणते, थोरलाच सगळं करत राहिला
तर धाकट्याला कामाची सवय कधी लागायची?
दुर्वाच्या आईला ते लगेच पटलं.
तिच्या घरात दोन दीर आहेत.

आठवा आठवडा. सतरंजीवर मुरमुरे.
डावा हात पिशवीत फणफणतोय.
उजवा सरकतो, पालथा पडतो.
पुन्हा सरकतो.
एक मुरमुरा दोन बोटांत आला,
तोंडापर्यंत पोचला नाही, फ्रॉकवर पडला.
मी दुसऱ्याच फाइलीत होते.
दुर्वाची आई म्हणाली,
"मॅडम, किती वाजले?"
अकरा वाजून वीस.
"मंग लिवा की."
चौदा रकान्यांत याला जागा नव्हती.
समासात लिहिलं, वही आडवी धरून.